मूल ‘नको’ म्हणालं तर

आग्रही : ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात फेरी मारताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘त्याला काही सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका.’ मुलाला मामाच्या गावाला जायचंय, फोटो काढायचाय, असं काहीतरी सांगून आणलेलं असतं. मूल पाच-सहा वर्षांचं. सकाळपासून त्याला खायला दिलेलं नसतं. कमरेचा करदोटा कापलेला असतो, मागून उघडा हिरवा गाऊन घातलेला असतो. वॉर्डातले मामा त्याला ट्रॉलीवर घेतात, ओटीच्या दाराशी आईचा हात सुटतो आणि आत गेल्यावर तोंडावर मास्क येतो. यातलं एकही पाऊल त्याला आधी ठाऊक नसतं. सर, भूल मी देते, म्हणून शेवटचं पाऊल माझ्या हातून पडतं. चार जणांनी धरलेल्या, श्वास रोखून लाथा मारणाऱ्या मुलाला भूल देणं हा उपचाराचा अटळ भाग आहे, असं मला वाटत नाही. मुलाला त्याच्या भाषेत, त्याच्या वयाला झेपेल इतकं आणि खरंच सांगायला हवं. घरच्यांचीही तशीच तयारी करून घ्यायला हवी. जखमेच्या टाक्यांइतकंच हे आपलं काम आहे.

शंकेखोर : ती आई खोटं बोलते, पण का बोलते तेही बघा. सहीच्या कागदावर ‘जिवाला धोका’ हे शब्द तिनं वाचलेले असतात. ती भीती तिला एकटीनं पचवायची असते, लेकरापर्यंत जाऊ द्यायची नसते. यात मला अज्ञान दिसत नाही, माया दिसते. तुम्ही तिला सांगता, सोमवारीच सांगून टाक, शुक्रवारी ऑपरेशन आहे. मग मुलाच्या वाट्याला चार रात्री येतात. मोठ्या माणसाला ‘शुक्रवार’ म्हणजे किती लांब ते कळतं. पाच वर्षांच्या मुलाला दर सकाळी वाटतं, आजच. जे एका सकाळी, दहा मिनिटांत उरकलं असतं त्याच्या चार रात्री तुम्ही केल्यात. हा नुसता माझा अंदाज नाही. येल विद्यापीठातल्या झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली मुलांच्या पूर्वतयारीचा अभ्यास केला होता. आधी एकदा दवाखान्यात राहून आलेल्या मुलांची भीती तयारीनं उलट वाढली, असं त्यांना आढळलं. तयारी म्हणजे निव्वळ भलं असं धरून चालू नका.

आग्रही : त्याच अभ्यासाची दुसरी बाजू मी रोज वापरते. सहा वर्षांपुढच्या ज्या मुलांना निदान पाच-सात दिवस आधी कळलं होतं ती सगळ्यांत शांत होती, आणि ज्यांना फक्त आदल्या दिवशी कळलं ती सगळ्यांत घाबरलेली. आपण नेमकं तेच करतो, आदल्या रात्री सांगतो किंवा सांगतच नाही. सांगण्यालाही औषधासारखी मात्रा असते, एवढंच मी यातून घेते. तीन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी दोन वाक्यं बोललं तरी पुरतं. आठ वर्षांच्याला आठवडा द्यावा, म्हणजे त्याला प्रश्न सुचतील, ते विचारता येतील, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारता येतील. आणि जो आधी दवाखाना भोगून आलाय त्याला काही सांगायच्या आधी त्याचंच ऐकून घ्यावं. मागच्या खेपेला कशानं दुखलं, कोण ओरडलं, ते त्याच्या तोंडून निघू द्यावं.

‘पोट कापणार’ असं कुणी त्याला सांगत नाही. आत काय दिसेल, कसला वास येईल, कुठं गार लागेल, आई कुठपर्यंत येईल, जाग आल्यावर हाताला काय लावलेलं असेल, हे सांगायचं. मुलाला दिसणार असतं ते एवढंच. न सांगितल्यानं त्याच्या डोक्यातली जागा रिकामी राहत नाही, तिथं घरातलं ऐकलेलं शिरतं. जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील, ही धमकी आपल्याकडे घरोघर दिली जाते. अशा घरातलं मूल टेबलावर येतं ते आपण काहीतरी केलंय म्हणून ही शिक्षा आहे, असं धरूनच येतं. ‘तू काही चुकीचं केलं नाहीस’ हे वाक्य कित्येक मुलांना कुणी म्हटलेलंच नसतं. अजून एक भीती असते, मधेच जाग आली तर? तिचं उत्तर अगदी सोपं आणि खरं आहे. ही रात्रीसारखी झोप नाही, काम संपेपर्यंत मी तुझ्या डोक्याशी बसून औषध देत राहते, संपलं की बंद करते. हे ऐकून मुलाच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी पाहिलाय.

शंकेखोर : ही सगळी विचारसरणी कुठून आली ते लक्षात घ्या. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एक चित्रफीत केली. बेंबीच्या हर्नियासाठी आठ दिवस दवाखान्यात ठेवलेली दोन वर्षांची मुलगी. आईवडिलांना भेटायची वेळ ठरलेली. ती मुलगी हळूहळू मिटत जाते आणि घरी न्यायला आलेल्या आईचा हात धरायचंही टाळते. त्यावर तिथं वाद झाले. मग 1959 मध्ये प्लॅट समितीनं शिफारस केली की, आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावं, आईला सोबत राहू द्यावं. ज्या गोष्टीसाठी त्यांना समिती नेमावी लागली ती आपल्या सरकारी वॉर्डात कुणी कधी मोडलीच नव्हती. आपल्याकडे आई खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपते. आजी दृष्ट काढते, अंगारा लावते. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या पोराचे टाके दाखवून धीर देते. ताटातुटीनं झालेली जखम भरून काढायला त्यांनी जे शोधलं, ते आपण ताटातूट नसलेल्या वॉर्डात आणतोय. शिवाय भूल देताना पालकांना आत घेतलं तर मुलाची भीती कमी होते का, याचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या संस्थेनं आढावा घेतला. तसा फायदा त्यांना दिसला नाही.

आग्रही : तो आढावा मला मान्य आहे. म्हणूनच आईला नुसतं आत आणून उभं करण्याचा माझा हट्ट नाही. आई जवळ असणं आणि आईला माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वॉर्डात पहिली भरपूर आहे, दुसरी जवळपास नाही.

उपाशी ठेवण्याचंच घ्या. आपण सांगतो, ‘रात्री बारानंतर काही द्यायचं नाही.’ का, ते सांगत नाही. सकाळी अकरा वाजता लेकरू भुकेनं रडतंय, आजीचा जीव तुटतो, ती पदराआडून बिस्कीट देते. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर मूल दगावू शकतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्या लेखी ती नियम मोडणारी अडाणी म्हातारी. प्रत्यक्षात त्या खोलीत ती एकटीच मुलाच्या भुकेकडे बघत असते. आणि नियम तरी आपण पाळतो का? जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, पाणी किंवा साखरपाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. अलीकडे कित्येक ठिकाणी पाणी तासभर आधीपर्यंतही देतात. म्हणजे दुपारच्या ऑपरेशनच्या मुलाला रात्री बारापासून कोरडं ठेवायची काही गरज नसते. घड्याळ लावून, नाव घेऊन सांगितलं, ‘साडेआठला अर्धा पेला पाणी द्या, त्यानंतर काही नाही, कारण असं असं होतं,’ तर तीच आजी दाराशी राखण करते. दुसऱ्या कुणाला काही देऊ देत नाही.

दुसरी गोष्ट जाग येण्याची. वासाच्या औषधानं भूल दिलेली लहान मुलं कधी कधी जागी होताना पिसाटल्यासारखी करतात. डोळे उघडे असतात पण आईला ओळखत नाहीत, तिला ढकलतात, सुई ओढतात. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ते आपोआप शमतं आणि मुलाला त्यातलं काही आठवत नाही. आईला आठवतं. आधी सांगितलेलं नसेल तर तिला वाटतं, डोक्यात काही बिघाड झाला, डॉक्टर लपवताहेत. मग बाहेर उभी असलेली सगळी माणसं आत येतात, आवाज चढतात. दोन वाक्यांत टळणारा प्रसंग आहे हा. घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस मूल रात्री दचकून उठेल, गादी ओली करेल, आईला चिकटून राहील, हेही कुणी सांगत नाही. मग ‘एवढा मोठा झालास’ म्हणून त्याला ओरडा बसतो.

आणि धीर देण्याबद्दल बोलायचं तर, ‘काही नाही होणार, मुंगी चावल्यासारखं वाटेल,’ असं आपण म्हणतो. सुई टोचताना मोठी माणसं काय बोलतात आणि मूल काय करतं याची शब्दन् शब्द नोंद करून झालेले अभ्यास आहेत. असा कोरडा धीर दिला की मुलं पुष्कळदा जास्तच घाबरतात, कारण त्या सुरावरून त्यांना कळतं की काहीतरी होणार आहे. लक्ष दुसरीकडे वळवलं, काम दिलं, फुंकर मारायला सांगितली, तर कमी रडतात. केन यांच्याच 2006 च्या अभ्यासात टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी जास्त घाबरलेल्या मुलांना नंतर घरीही जास्त दुखलं, वेदनेची औषधं जास्त लागली. तेव्हा भीती त्या दहा मिनिटांत संपते हे तुमचं म्हणणं मला पटत नाही.

शंकेखोर : उपासाबद्दल आणि जागं होण्याबद्दल तुमचं मान्य. ते सांगायलाच हवं, यात वाद नाही. पण तुमचे ‘पाच-सात दिवस आधी’ कुणाच्या आयुष्यात असतात? शाळेत, अंगणवाडीत तपासणी करणारी पथकं येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तेव्हापासून कितीतरी मुलांच्या हृदयातली छिद्रं, दुभंगलेले ओठ आणि टाळू असे वेळेत सापडले. हे मोठं काम आहे. पण त्या मुलाच्या घरी तारीख फोनवर येते. सरकारी योजनेची मंजुरी आली, परवा घेऊन या. बाप मजुरी बुडवून निघतो, आई धाकट्याला शेजारणीकडे सोडते, दोघं रात्रीच्या एसटीनं येतात. इथं आल्यावर मुलाला खोकला निघतो आणि तुम्हीच म्हणता भुलेचा फिटनेस देता येत नाही, दोन-तीन आठवड्यांनी या. तयारी झालेलं मूल तसंच परत जातं. किंवा रात्री आतडं पिळवटलेलं एखादं बाळ येतं आणि सकाळची ऑपरेशनची लिस्ट कोसळते. मुलाला सांगितलं होतं ‘आज’, होतं परवा. खरं सांगण्याचा आग्रह धरणाऱ्यांचाच शब्द पहिला खोटा ठरतो.

दुसरी शंका याहून मोठी. तुम्ही आईला सांगता, तुमची भीती मुलात उतरते, तेव्हा शांत राहा. ऐकायला साधं वाक्य आहे. पण जिचं मूल आत जाणार आहे तिला तुम्ही सांगताय की, तुझ्या थरथरत्या हातानं त्याचं दुखणं वाढेल. मूल असं जन्मलं म्हणून सासरच्यांनी तिला आधीच दोष दिलेला असतो, ग्रहणात विळीला हात लावलास म्हणून ओठ दुभंगला असं ऐकवलेलं असतं. त्यात आता शास्त्राच्या नावानं तुमची भर. कुटुंबाची तयारी म्हणता म्हणता आपण कुटुंबाची परीक्षा घ्यायला लागतो.

आग्रही : हे तुम्ही बोललात ते बरं झालं, कारण याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. ‘रडू नका’ हे वाक्य कुणीही आईला म्हणू नये. तिला काम द्यावं. दारापर्यंत त्याला कडेवर घेऊन या, ‘तिथवर मी आहे, मग डॉक्टर मॅडम आहेत, उठशील तेव्हा मी असेन’ एवढं म्हणा. रडू आलं तर येऊ द्या. आई रडली आणि कारणही सांगितलं, ‘मला काळजी वाटते म्हणून रडू येतंय, पण मी इथंच आहे,’ तर मूल ते सोसतं. आई लपून रडून लाल डोळ्यांनी हसायला लागली की ते बिथरतं.

तारखेचं म्हणाल तर शब्द जपून वापरावे लागतात. ‘आज होईल’ म्हणू नये. ‘आज व्हायचं आहे, डॉक्टरांना दुसऱ्या बाळाकडे जावं लागलं तर उद्या’ असं सांगावं. आणि तयारीला खोली लागते, खेळणी लागतात, वेगळी माणसं लागतात, असं आपण धरून बसलोय ते खरं नाही. ओपीडीत पहिल्यांदा मूल येतं तेव्हाच त्याच्या हातात एक मास्क द्यावा. घरी बाहुलीला लाव, बाबांना लाव, फुंकून बघ. इथं आल्यावर तो परका राहत नाही. करदोट्याचंही तसंच. ओटीच्या दाराशी कात्री लावली की आजीला वाटतं, राखणच कापून टाकली. ती रडते, तिच्या रडण्यानं मूल रडतं. ‘घरीच देवापुढे काढून ठेवा, डिस्चार्जनंतर पुन्हा बांधा, चांदीचे वाळे आणि काळा दोराही काढा, आत जी यंत्रं चालतात त्यांना ते आड येतात’ असं आठवडाभर आधी फोनवर कळलं, तर तो तिचाच विधी होतो. याला एक पैसा लागत नाही. वॉर्डातल्या मावशींना बोलायला मोकळीक लागते, कारण मुलाशी त्यांची भाषा जुळते आणि आपल्याहून जास्त वेळ त्या त्याच्याजवळ असतात.

शंकेखोर : आता खरं अडतं तिथं येतो. एवढा वेळ आपण सांगण्याबद्दल बोललो. सांगितलं की मूल ऐकतं, आणि ऐकलं की त्याला मत होतं. नऊ वर्षांची मुलगी घ्या. जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले. ओठ काही महिन्यांची असताना शिवला, टाळू वर्षाच्या आसपास. आता हिरडीच्या फटीत हाड भरायचंय. ते कमरेतून काढतात. हे साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, तिथला कायमचा सुळा उतरायच्या आत करावं लागतं, तर तो दात त्या हाडातून नीट येतो. तुम्ही तिला सगळं खरं सांगितलंत. कमर दुखेल, काही दिवस लंगडशील, तोंडात टाके असतील, पातळ खावं लागेल. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘मला नको.’ ती रडत नाही, घाबरलेली नाही, तिला सगळं कळलंय. पुढं काय करणार? न सांगितलेल्या मुलाला आपण उचलून नेतो, त्यात जबरदस्ती उघड असते. या मुलीला विचारून, समजावून, तिचं उत्तर ऐकून, मग उचलून नेणार?

आग्रही : कायद्यानं बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाची संमती पुरते. पण 1992 मध्ये भारतानं बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलंय की, मुलाशी संबंधित बाबतीत त्याला मत मांडू द्यावं आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावं. वजन म्हणजे अंतिम शब्द नव्हे. म्हणून मी एक पथ्य पाळते. ज्याचं उत्तर मी मानणार नाही तो प्रश्न विचारायचा नाही. ‘आत जायचं ना?’ असं मी विचारत नाही. ‘चालत येतेस की आईच्या कडेवर? सलाईन उजव्या हाताला की डाव्या?’ असं विचारते. तेवढं तिच्या हातात असतं, आणि तिनं डावा म्हटलं तर डावाच.

शंकेखोर : हेच मला टोचतं. मोठा निर्णय काढून घेतल्यावर हात निवडायला दिला. चार जणांनी धरलेलं मूल निदान आमच्यावर रागावू शकतं, आपल्यावर बळजोरी झाली हे त्याला माहीत असतं. तुमची मुलगी स्वतः डावा हात पुढं करते आणि पुढं तिलाच वाटत राहतं, मी हो म्हणाले होते. तिच्या शांतपणाचा फायदा कुणाला? लिस्ट वेळेवर चालते, ओटीत आरडाओरडा नाही, आपलं मन हलकं. तोंडानं देतो ते गुंगीचं औषधही मूल शांत करतं आणि बरंचसं विसरायला लावतं. तयारीही त्याच जातीची होत नाही ना, याची खात्री तुम्हाला आहे का?

आग्रही : नाही, सगळ्या मुलांबद्दल नाही. खूप शहाण्यासारखं वागणारं मूल टेबलावर आलं की मलाही शंका येते, हे त्याचं धैर्य आहे की मोठ्यांची सोय त्यानं ओळखली आहे? म्हणून मी आता तयारीत एक वाक्य घालते, ‘हे करायचं आम्ही ठरवलंय, तू ठरवलेलं नाहीस. तुला राग येऊ शकतो, आणि तो आमच्यावर काढता येतो.’ काही मुलं खरंच काढतात. लिस्ट वीस मिनिटं मागं पडते. ती पडू द्यावी असं माझं म्हणणं आहे.

नऊ वर्षांच्या त्या मुलीसाठी मी थांबेन. सुळा अजून वर असेल तर काही महिने असतात. त्या काळात तिला असं ऑपरेशन झालेल्या एखाद्या मोठ्या मुलीशी बोलता येईल. ‘नको’च्या आत काय आहे ते बघता येईल. कमरेची भीती आहे, शाळा बुडण्याची आहे, की ‘माझ्या चेहऱ्याला अजून किती दुरुस्त करणार’ असं काही आहे. शेवटचं असेल तर ते मला टाळता येणार नाही, कारण ते भीतीपोटी आलेलं नसेल.

शंकेखोर : आणि योजनेची मंजुरी? ती संपेल, पुन्हा कागद करावे लागतील. बापाची मजुरी पुन्हा बुडेल. थांबायची चैन कुणाला परवडते हेही त्या मुलीच्या घराकडे बघून ठरतं. शिवाय हाडाचं एक सोपं. हृदयाच्या ऑपरेशनचं दहा वर्षांचं मूल तुम्हाला विचारेल, मी मरणार का? बापानं त्या शक्यतेवर सही केलीय. तुमचं ‘खरं सांगायचं’ तिथं कुठपर्यंत जातं?

आग्रही : ‘का विचारतोस?’ इथपर्यंत तरी जातं. बहुतेक वेळा मुलानं वॉर्डात काहीतरी ऐकलेलं असतं, शेजारची खाट रिकामी झालेली असते. त्याबद्दल बोलता येतं. ‘तू बरा होऊन घरी जावास म्हणून आम्ही हे करतोय, आणि बहुतेक मुलं जातात’ हे खरं असेल तर सांगता येतं. ‘कधीच नाही’ असं मी म्हणत नाही. पण त्यानं पुढं विचारलं, ‘मग बाकीची?’ तर बापाला न विचारता मी उत्तर देणार नाही. बाप म्हणाला सांगू नका, तर सांगणार नाही. इथं माझं तत्त्व अडखळतं, आणि अडखळू नये असंही मला वाटत नाही.

शंकेखोर : म्हणजे बापाचं ‘सांगू नका’ तुम्ही मानता, मुलीचं ‘नको’ काही महिने मानता, आणि उद्या अडकलेल्या हर्नियाचं एखादं मूल आलं तर त्याचं एक तासही मानणार नाही. मग ठरवणारी गोष्ट मुलाचं मत नाही, आजाराची घाई आहे.

आग्रही : घाई आहे, हे खरं. पण किती घाई आहे हे आपण ठरवतो, आणि त्यातली बरीच आजाराची नसते, आपल्या लिस्टची असते. त्या दोन घाया वेगळ्या काढून मुलाला दाखवायला मी तयार आहे. तुमच्या लिस्टवर उद्या सात मुलं आहेत. त्यांतली किती थांबू शकतील, तुम्ही सांगा.

शंकेखोर : आजारापुरतं बोलायचं तर पाच. आणि पाचांच्याही घरचे उद्याच व्हावं म्हणूनच आलेत.